भरल्या टाकीनं

"तिला म्हणावं, सरळ बस."

हे तात्या माझ्याबद्दल बोलत होते आणि बोलत होते उदयशी. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. मोटारसायकलवर बसलेली, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांना कवचं, पायात ढोपरापर्यंत बूट. समोर उभं राहून माझ्याच गाडीचं हँडल तात्यांनी दोन्ही हातांनी धरलं होतं. आमची नाकं टेकायची तेवढी बाकी होती. तरी निरोप जावयामार्फत.

"वैजू, सरळ बस," मागच्या चाकापाशी उकिडवा बसलेला उदय म्हणाला.

"ऐकलं मी. त्यांना म्हणावं, हँडल दाबू नका, नुसतं धरा."

"मामा, हँडल दाबू नका."

"कळालं," तात्या म्हणाले. उदयला.

असली गाडी घेऊन भागत नाही, ती अंगाला बसवून घ्यावी लागते. शिवायला टाकलेल्या ब्लाउजसारखंच आहे ते. स्वार पूर्ण पोशाखात बसला की मागची स्प्रिंग किती दबते ते टेपनं मोजायचं, मग स्प्रिंगवरची रिंग आवळायची किंवा सैल करायची, पुन्हा बसायचं, पुन्हा मोजायचं. एक बसायला, एक मोजायला आणि एक गाडी उभी धरायला, अशी तीन माणसं लागतात. आम्ही दोघंच होतो. म्हणून उदयनं कट्ट्यावर पेपर वाचत बसलेल्या सासऱ्यांना हाक मारली, "मामा, जरा हात लावता?" जावयाला नाही म्हणायचं कसं? तात्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा खिशात ठेवला आणि येऊन हँडल धरलं. माझ्याकडे न बघता माझ्यासमोर उभं राहणं फार अवघड काम होतं, पण त्यांनी ते जमवलं. माझ्या हेल्मेटच्या वरून ते फणसाच्या झाडाकडे बघत राहिले.

गाडी आम्ही त्याच आठवड्यात पुण्याहून आणली होती. टू-स्ट्रोक एन्ड्युरो, म्हणजे डांबरी रस्त्यासाठी नव्हे तर डोंगर, दगड आणि ओढे यांच्यासाठी बनवलेली. परदेशी बनावटीची, सेकंडहँड. रस्त्यावर चालवायची सोय नाही, पिकअपमध्ये घालून न्यायची. आधीचे मालक ढमढेरे नावाचे आडव्या अंगाचे गृहस्थ होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्यासाठी हलक्या स्प्रिंगा टाकाव्या लागतील. माझ्या स्प्रिंगांवर तुम्ही बसलात तर गाडीला कुणी बसल्याचं कळणारसुद्धा नाही."

किल्ली देण्याआधी त्यांनी मला बाजूला घेतलं. मुलगी सासरी धाडताना बोलावं तसं बोलले. "एक सांगतो, विसरू नका. हिला काही करा, पण कोरडं पेट्रोल पाजू नका. हिच्या पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलात मिसळलेल्या तेलातून. दुसरीकडून नाही. तेल नसेल तर थोडा वेळ चालेल, गोड चालेल, आणि मग भर वेगात इंजिन जाम होईल. मागचं चाक जागच्या जागी थांबेल. तुम्ही मात्र थांबणार नाही."

ढमढेरेंचं हे बोलणं मी घरी येईपर्यंत पाठ करत होते.

तात्यांचं माझं बोलणं बंद झालं त्याला वर्ष होत आलं होतं. आई गेली, आणि त्याच्यानंतर काही महिन्यांनीच मी एका शर्यतीत पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं. तात्या दवाखान्यात आले, दारातच उभे राहिले, आणि म्हणाले, "एक माणूस गेलंय घरातनं. दुसरं जाताना बघायला मी बसायचा न्हाई. परत त्या गाडीवर बसलीस तर माझ्याशी बोलू नगंस."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच. दोघांनाही नंतर वाटलं असणार की जरा जास्त झालं. पण आमच्या घरात दिलेला शब्द मागे घ्यायची पद्धत नाही, आणि हट्टात मी त्यांच्यावरच गेलेली. तेव्हा त्यांनीही पाळला, मीही पाळला.

आता शर्यत होती ती नेमकी आमच्या हाळवाडीच्या वरच्या सड्यावर. आजऱ्याकडचा तो सगळा जांभा दगड, वर सपाट, कडेला सरळ उतरलेला. तिथल्या जमिनीवर गाडी जमवायला हवी, कोल्हापुरात पार्किंगमध्ये जमवून उपयोग नाही, असं मी उदयला सांगितलं आणि पिकअप थेट माहेरच्या अंगणात आणून लावली. कारण खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला तात्यांकडे यायचं होतं आणि नुसतं यायला तोंड नव्हतं. ज्या गाडीपायी अबोला धरला तसलीच गाडी घेऊन समेटाला जाणारी मी एकटीच असेन. पण माझ्या मनानं घेतलं होतं की आता नाही बोलले तर तात्या पुढं कधीच बोलायचे नाहीत. वय झालं होतं. कट्ट्यावरून उठताना हाताचा टेकू घेऊ लागले होते.

उदयनं स्प्रिंग बदलली, रिंग आवळली, माप जुळलं. मग गिअरबॉक्सचं जुनं तेल काढून नवं ओतायला घेतलं. तात्या नरसाळं धरून उभे. त्यांना मोटारीचा गंध नाही. आयुष्य सायकलवर आणि एसटीत गेलं. पण काम कुठलंही असो, बघितलं की त्यांना हात घातल्याशिवाय राहवत नाही.

"हे तेल रोज घालावं लागतंय?" त्यांनी उदयला विचारलं.

"नाही मामा, एकदा घातलं की आता शर्यत होईपर्यंत बघायला नको."

"हां."

जेवायला बसलो तेव्हा निरोपांची तीच तऱ्हा. "तिला आमटी वाढा." "त्यांना म्हणावं, पुरे." उदय मधे बसून दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होता. शेवटी वैतागून म्हणाला, "मी जरा घास गिळू का?" तात्यांच्या मिशा हलल्या. मला वाटलं आता हसतील. पण त्यांनी ताकाचा पेला उचलला आणि तोंड त्यात घातलं.

सकाळी मी उठले तेव्हा उदय अंघोळीला गेला होता. गाडी अंगणात स्टँडवर तयार उभी होती. टाकी उघडून पाहिलं तर काठोकाठ भरलेली. आदल्या संध्याकाळी मी तेल मिसळलेलं पेट्रोल एका कॅनमध्ये करून ठेवलं होतं, टाकीत थोडंसंच होतं. म्हटलं, नवऱ्यानं न सांगता एक काम केलं, आजचा दिवस बरा आहे. तात्या परसात होते. त्यांच्या खोकल्याचा आवाज आला. निघते म्हणून सांगावं असं फार वाटलं, पण सांगायचं कुणामार्फत? मी किक मारली आणि निघाले.

काय गाडी होती! पाणंदीतून वर चढताना मला हसू यायला लागलं. मऊ, चपळ, म्हणाल तिथं वळणारी. काजूच्या बागा मागे पडल्या, झाडी संपली, आणि सड्यावर आल्यावर मी तिला मोकळी सोडली. कापलेलं गवत, काळा दगड, थंडीतलं स्वच्छ ऊन. बाजूला दरी. शर्यतीचा रस्ता त्या दरीच्या कडेनंच आखलेला होता, चुन्याच्या खुणा घातल्या होत्या. मी त्या धरून गेले. एक फेरी झाली, दुसरी सुरू केली.

दुसऱ्या फेरीत गाडी फारच गोड चालायला लागली.

नीट सांगते. टू-स्ट्रोकचा एक वास असतो. गोडसर, जळक्या तेलाचा. मागे निळा धूर असतो. मी एका वळणावर मागे वळून पाहिलं तर धूर नव्हता. वास नव्हता. इंजिनाचा आवाज कोरडा, टणटणीत झाला होता. माझ्या डोक्यात ढमढेरे बोलले, "गोड चालेल." त्याच क्षणी कुणीतरी मागून धरून ओढावं तशी गाडी अडखळली आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर मिटली. विचार नंतर आला, बोटं आधी मिटली. इंजिन खाली बंद पडलं, पण चाक मोकळं राहिलं, आणि गाडी घरंगळत जाऊन गवतात थांबली. उजव्या बाजूला दरी होती. किती लांब ते मी मोजलं नाही. बघायचीच इच्छा झाली नाही.

हेल्मेट काढून मी बसले. मग टाकी उघडून बोट बुडवलं. आम्ही मिसळत होतो ते तेल गडद हिरवं, त्यानं पेट्रोलाला हिरवी झाक यायची. हे पेट्रोल जवळजवळ पाण्यासारखं. बोट चोळलं तर बुळबुळीतपणा नाही, भुर्रकन उडून गेलं. टाकीतल्या थोड्या मिसळीवर कुणीतरी भरमसाट कोरडं पेट्रोल ओतलं होतं.

उदय ते करणार नाही, मरेल पण करणार नाही. मग घरात राहिलं कोण?

मला जे वाटलं ते सांगते. मला वाटलं, तात्यांनी मुद्दाम केलं. गाडी मोडली की शर्यत मोडली, शर्यत मोडली की लेक घरी. माणूस बोलत नाही, भांडत नाही, गुपचूप येतो आणि टाकीत ओततो. काल नरसाळं धरून उभे राहिले ते गाडी कुठून बिघडते ते बघायला! भीती होती तिथं राग आला, आणि राग आला की माझ्या पायात बळ येतं. इंजिन तसंच बंद ठेवून गाडी मी उतारावरून सोडली, सपाटीला ढकलली. काजूच्या बागेतल्या बायका काम थांबवून बघत होत्या. एकीनं विचारलं, "पेट्रोल संपलं व्हय गं?" मी म्हटलं, "जास्त झालं." ती बघतच राहिली.

अंगणात शिरले तेव्हा उदय पिकअपच्या हौद्यात काहीतरी बांधत होता. तात्या कट्ट्यावर. मी गाडी भिंतीला टेकवली आणि सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. त्या वर्षभराचा अबोला माझ्या लक्षातच राहिला नाही.

"तात्या, गाडीत काय घातलंत?"

ते दचकले. मी थेट बोलले म्हणून दचकले की विचारलं म्हणून, ते कळलं नाही.

"पेट्रोल," ते म्हणाले.

"कुठलं?"

"पंपावरचं. सकाळच्याला सायकलवरनं जाऊन आणलं. का?"

पंप गावापासून चांगला लांब, मधे चढ. मी त्यांच्याकडे बघत राहिले. उदय हौद्यातून खाली उतरला होता.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तात्यांनी मान खाली घातली. धोतराच्या सोग्यानं उगाच चष्मा पुसायला लागले.

"सांगायला कोण पाहिजे? लेक घरातनं निघाली की रिकामी धाडत न्हाईत. तुझी आई असती तर ओटी भरली असती. घनसाळचं तांदूळ, नारळ, खण, सगळं केलं असतं तिनं. आता ती न्हाई." त्यांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली. "मी बाप्या माणूस, मी काय ओटी भरणार? शेजारणीला बोलवावं तर तिला काय सांगू, लेक मोटरसायकल उडवायला निघालीया, कुंकू लावायला ये म्हणून? मग म्हणलं, टाकी तर भरू. निदान टाकी भरलेली असू दे."

माझ्या तोंडात आणखी दहा वाक्यं तयार होती. ती तिथंच सोडून मी त्यांच्या शेजारी कट्ट्यावर बसले. मला रडू यायला लागलं होतं, पण ते दुःखाचं नव्हतं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून घेतला होता. त्यांनी मला पाडायला बघितलं नव्हतं. वर्षभर ते माझ्यावर रागावलेसुद्धा नसावेत. त्यांना फक्त कसं बोलायचं ते सुचलं नव्हतं, माझ्यासारखंच.

"का गं? काय चुकलं का?" आता त्यांचा आवाज बदलला.

उदय माझ्याकडे बघून मान हलवत होता. सांगू नको, असं. माझ्याही मनात क्षणभर तेच आलं. पण न सांगून कसं चालेल? हा माणूस शर्यतीच्या दिवशी पुन्हा सायकल काढणार, पुन्हा टाकी भरणार!

"तात्या, ह्या गाडीला पेट्रोलातनं तेल द्यावं लागतं. मिसळून. नुसतं पेट्रोल चालत न्हाई."

"तेल तर काल घातलं की! माझ्यासमोर घातलं उदयरावांनी. नरसाळं मी धरलं हुतं. ते म्हणाले आता बघायला नको."

"ते गिअरचं हो मामा," उदय खाली मान घालून म्हणाला.

"जुन्या स्कूटरवाल्यांना पंपावर तेल घालताना बघितलंय मी. पण ही नवी, परदेशी. म्हणलं, हिला कशाला..." त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या गाडीवरून माझ्या बुटांना चिकटलेल्या गवतावर आली. "मग काय झालं वर?"

"इंजिन धरायला लागलं."

"आणि?"

"आणि काय, क्लच ओढला, थांबले."

"न्हाई ओढला असतास तर?"

मी बुटांवरचं गवत झटकायला लागले. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. चष्मा त्यांच्या हातातून मांडीवर पडला. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी तो हिसडून काढला आणि एकदम कडाडले.

"मग सांगायचं न्हाई व्हय! काल दिवसभर तोंड शिवून बसलीस! एक शब्द बोलली असतीस, तात्या ह्याला तेल लागतंय, तर मी काय येडा हाय?"

"तुम्ही बोलू नगंस म्हणाला होता!"

"मी म्हणलो म्हणून? लहानपणापासनं माझं एक तरी ऐकलंस? नेमकं हेच ऐकायचं सुचलं?"

"आणि तुम्ही? माझ्यासमोर उभं राहून फणसाकडं बघत होता! फणसाला कधी बघितलं न्हाई आजवर?"

"तुझ्याकडं बघितलं असतं तर रडू आलं असतं मला!"

शेजारच्या दारात दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या. आमचं भांडण चांगलं रंगलं. गेल्या वर्षभराचं सगळं त्यात निघालं. दवाखाना, दिवाळीला न येणं, आजारपण न कळवणं. उदय मधे पडला नाही. निरोप्याच्या कामातून सुटका झाल्यासारखा तो गाडीपाशी गेला, सायलेन्सर सोडवला आणि बॅटरीच्या उजेडात आत बघायला लागला. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला.

"अहो, ऐकता का दोघं! पिस्टन शाबूत आहे. एक बारीक रेघ उठलीय, तेवढीच. शर्यत होतेय."

भांडण तिथंच थांबलं. दोघांनाही धाप लागली होती. मला आठवतंय, इतका हलका श्वास मी त्याआधी बऱ्याच दिवसांत घेतला नव्हता.

"आता हे पेट्रोल काढून टाकू," उदय दुसरा रिकामा कॅन घेऊन येत म्हणाला.

तात्यांचा चेहरा पडला. ते मी बघितलं.

"टाकायचं न्हाई," मी म्हटलं. "ओटीतलं कुणी टाकतं का? ह्यातच तेल मिसळायचं. तात्या मिसळतील."

मग टाकी कॅनमध्ये रिकामी केली. मी मापाच्या पेल्यात तेल मोजून दिलं, तात्यांनी ते कॅनमध्ये ओतलं. टोपण लावून त्यांनी कॅन असा घुसळला की ताक करायला बसलेत असं वाटावं. तीनदा विचारलं, "झालं का गं एकजीव?" हिरवी झाक आली ती त्यांनी उन्हात धरून मला दाखवली, उदयला दाखवली, आणि दारातल्या शेजारणींनाही दाखवली. मग नरसाळं लावून स्वतःच्या हातानं टाकीत ओतायला लागले. मी शेजारी उभी होते. कॅन संपत आला तसा मी त्यांचा हात धरला.

"बास तात्या."

"ऱ्हायलं की गं तळाला घोटभर. टाकीत जागा हाय अजून."

"असू दे. ओटीतले चार दाणे माहेरी ठेवून निघायचं असतं. आई ठेवायला लावायची."

तात्या कॅनकडे बघत राहिले. मग टोपण घट्ट आवळलं आणि दोन्ही हातांत धरून ते आत निघाले, आई तांदळाचे दाणे घेऊन जायची त्याच दिशेनं.

"मामा!" उदय घाबरून ओरडला. "देवापाशी निरांजन पेटतंय!"

"कळतंय मला," आतून आवाज आला. "वैजा, इकडं ये आणि कुठं ठेवू ते सांग."